पटावर न आलेली मुले : कणकुंबी परिसर आणि विशेष पूर्वप्राथमिक शिक्षणाची पटसंख्या

गोमंतकीय वाचकांना कणकुंबी हे नाव परिचित आहे ते मुख्यतः म्हादई आणि कळसा प्रकल्पाच्या वादामुळे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील हे गाव चोर्ला घाटमार्गावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर वसलेले आहे. मलप्रभा नदी येथेच उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. भोवतालची वस्ती बहुतांशी मराठी भाषक, विखुरलेली, जंगलाच्या कुशीतली. पावसाळ्यात ओढे-नाले भरले की काही वाड्यांचा मुख्य रस्त्याशी संबंध तुटतो. पुढाऱ्यांची भाषणे आणि न्यायाधिकरणांचे निवाडे यांतून या गावाचे पाणी वारंवार मोजले गेले आहे. या परिसरातील सहा वर्षांखालील दिव्यांग मुले मात्र कोणत्या पटावर मोजली जातात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

विशेष पूर्वप्राथमिक शाळेची पटसंख्या हा वरवर पाहता साधा तक्ता असतो : मुले किती, मुली किती, कोणत्या वयाची, कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची, कोणत्या घरभाषेची. पण सर्वसाधारण शाळेचा पट आणि हा पट यांत मूलभूत भेद आहे. सर्वसाधारण शाळेत वय झाले की मूल दाखल होते. विशेष बालवाडीत दाखल होण्याआधी मुलामध्ये काही वेगळे आहे हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते, ते डॉक्टरांकडून निश्चित व्हावे लागते, त्याला नाव मिळावे लागते, आणि त्यानंतर शाळेपर्यंत पोहोचण्याची सोय असावी लागते. या चार पायऱ्यांपैकी एक जरी हुकली तरी मूल पटाबाहेर राहते. म्हणून अशा शाळेच्या पटावरून परिसरात दिव्यांग मुले किती आहेत हे कळत नाही; व्यवस्थेला त्यांतली किती सापडली, एवढेच कळते.

कायद्याची उंबरठ्यावरची अट

भारतातील शिक्षणहक्काचे कायदे सहाव्या वर्षापासून सुरू होतात. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम ६ ते १४ वयोगटासाठी आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. शाळा जवळची असावी की विशेष, ही निवडही त्याचीच. सहा वर्षांखालील मुलांविषयी शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ ची भाषा बदलते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन करू शकेल, असे ते कलम म्हणते. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ या दोन क्रियापदांमधील अंतर कायद्याच्या पुस्तकात एका शब्दाचे असले, तरी कणकुंबीसारख्या गावात ते तीन वर्षांचे असते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने बदललेला अनुच्छेद ४५ सहा वर्षांपर्यंतच्या संगोपन व शिक्षणासाठी राज्याने प्रयत्न करावा असे सांगतो; परंतु ते मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयात मागता येणारा हक्क नव्हे.

ही तीन वर्षे दिव्यांग मुलाच्या बाबतीत सर्वांत मोलाची असतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि श्रवणयंत्रासह उपचाराची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, हा जगभर मान्य झालेला संकेत आहे. भाषा ग्रहण करण्याची मेंदूची तयारी या काळात सर्वाधिक असते. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेल्या मुलाचे सांधे आणि स्नायू आखडण्यापूर्वी व्यायाम सुरू झाले, तर पुढे त्याचे बसणे व चालणे सुकर होण्याची शक्यता वाढते. सहाव्या वर्षी हक्क हाती येतो तेव्हा या कामाचा उत्तम काळ बराचसा सरलेला असतो.

अमेरिकेने हा उंबरठा १९८६ साली खाली आणला. त्या वर्षीच्या केंद्रीय कायदादुरुस्तीमुळे तीन ते पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांना सार्वजनिक खर्चाने विशेष शिक्षण देणे राज्यांवर कालांतराने बंधनकारक झाले. तेथील प्रत्येक राज्य १ ऑक्टोबर ते १ डिसेंबर यांमधील एक दिवस ठरवून अशा मुलांची गणना दरवर्षी करते. तेथे सरकारी विशेष बालवाडीचा पट वय, लिंग, वंश व दिव्यांगत्व यांनुसार प्रसिद्ध होतो. त्यामागे आकड्यांची हौस नसून मुलाचा कायदेशीर हक्क आणि त्यासाठी मिळणारा निधी आहे.

वयाबरोबर वाढणारे प्रमाण

२०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के. कर्नाटकात ही संख्या १३,२४,२०५ होती, गोव्यात ३३,०१२. शून्य ते सहा वर्षे वयोगटात देशभरात २०.४२ लाख मुले दिव्यांग असल्याची नोंद झाली, म्हणजे त्या वयाच्या मुलांपैकी १.२४ टक्के.

वयोगटांनुसार पाहिल्यास एक चढती पायरी दिसते. शून्य ते चार वर्षांत १.१४ टक्के, पाच ते नऊ वर्षांत १.५४ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांत १.८२ टक्के. अपघात, आजारपण यांमुळे काही मुलांना पुढे दिव्यांगत्व येते हे खरे. परंतु बालपणी आढळणारी बहुतेक दिव्यांगता जन्मतः किंवा पहिल्या काही वर्षांतच आलेली असते. चढत्या प्रमाणाचा मोठा भाग उशिरा लागलेल्या शोधाचा आहे, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. मूल शाळेत गेले, फळ्यावरचे दिसेना किंवा बोललेले कळेना झाले, की मग दिव्यांगत्व घरच्यांच्या आणि प्रगणकाच्या शब्दांत उतरते. तोपर्यंत ‘उशिरा बोलेल, याचे मामाही उशिराच बोलायला लागले’ हे उत्तर घरोघरी पुरेसे ठरते.

युनिसेफने २०२१ साली मांडलेल्या अंदाजानुसार जगात अठरा वर्षांखालील सुमारे २४ कोटी मुले दिव्यांग आहेत. दर दहा मुलांमागे एक. आपल्या जनगणनेशी याची थेट तुलना करता येत नाही, कारण प्रश्नच निराळे आहेत. जनगणनेचा प्रगणक घरात कोणी दिव्यांग आहे काय, असे विचारतो. युनिसेफची प्रश्नावली ‘दिव्यांग’ हा शब्द टाळून, आपल्या वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत मुलाला चालताना, ऐकताना, समजून घेताना किती अडचण येते, असे आईला विचारते. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तिचे प्रश्न वेगळे आहेत. पहिल्या प्रश्नाला लज्जेने ‘नाही’ म्हणणारी माता दुसऱ्या प्रश्नाला मोकळेपणी उत्तर देऊ शकते.

चारशे मुलांत पाच

कणकुंबीसारख्या डोंगरी परिसरात स्वतंत्र विशेष बालवाडी का उभी राहत नाही, याचे उत्तर लहान संख्यांच्या गणितात आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाली. तिच्या निकषांनुसार साधारणतः ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असते. त्याहून लहान वस्तीसाठी मिनी अंगणवाडी. एका अंगणवाडीच्या यादीत सहा वर्षांखालील ४० मुले आहेत असे समजू. राष्ट्रीय प्रमाण लावले तर त्यांत दिव्यांग मूल अर्धे येते. अशा दहा अंगणवाड्या एकत्र केल्या तरी ४०० मुलांत पाच.

ही पाच मुले पाच गावांत असणार आणि त्यांची गरज एकसारखी नसणार. २०११ च्या गणनेत शून्य ते सहा वयोगटातील दिव्यांग मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना दृष्टीची, २३ टक्के मुलांना श्रवणाची, १० टक्के मुलांना हालचालीची अडचण होती. सुमारे ७ टक्के मुले बहुविध दिव्यांग होती. म्हणजे आपल्या कल्पित पाच मुलांत एक-दोन दृष्टिदोषाची, एखादे श्रवणदोषाचे आणि उरलेली ज्यांचे नेमके काय हे अद्याप ठरलेले नाही अशी. या पाचांसाठी तीन प्रकारचे शिक्षक लागतील. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांसाठी प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे एक असे प्रमाण धरले. शहरात हे प्रमाण गाठता येते. जंगलातल्या वाड्यांवर ‘दहा मुले’ जमवायची तर निम्मे खोरे गोळा करावे लागेल.

याच गणिताची दुसरी बाजू अंगणवाडी सेविकेच्या वाट्याला येते. तिच्या समोर श्रवणदोषाचे मूल अनेक वर्षांतून एकदा येणार. जे क्वचितच दिसते ते ओळखण्याची सवय लागत नाही. सेविकेच्या दक्षतेविषयी तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिव्यांग मुलांसाठीची अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. तीत वेळेवर तपासणी, अंगणवाडीच्या कार्यक्रमांत समावेश व कुटुंबाला आधार, आणि आशा सेविका व आरोग्य पथकामार्फत पुढील उपचारांकडे पाठवणी अशा तीन टप्प्यांचा विचार आहे. दिशा योग्य आहे. प्रत्यक्षात या टप्प्यांचा भार पोषण आहार, लसीकरणाच्या याद्या आणि मोबाइलवरील नोंदी सांभाळणाऱ्या त्याच एका बाईवर येतो.

तिच्या मदतीला यावयाची यंत्रणा कागदावर भक्कम आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार फिरत्या वैद्यकीय पथकाने प्रत्येक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करावयाची असते. जन्मजात दोष, कमतरतेचे आजार, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील ३० स्थिती तीत येतात. संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. कर्नाटकात याशिवाय ग्रामपंचायत स्तरावर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता आणि तालुका स्तरावर बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता नेमण्याची पद्धत आहे. इतर अनेक राज्यांत अशी गावपातळीवरची साखळी नाही, हे कर्नाटकाच्या पदरात टाकले पाहिजे.

अडचण केंद्राच्या अंतराची आहे. कणकुंबीहून जांबोटीमार्गे बेळगाव चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. कर्नाटक शासनाच्या श्रवणदोष असलेल्या मुलांसाठीच्या चार शाळांपैकी एक बेळगावात आहे. दृष्टिहीन मुलांसाठीची माहेश्वरी संस्थेची शाळाही तेथेच. मोठे मूल वसतिगृहात राहू शकते. तीन वर्षांच्या मुलाला वसतिगृहात ठेवता येत नाही, ठेवूही नये. वाचा-उपचार किंवा फिजिओथेरपी आठवड्यातून दोन-तीनदा लागते आणि प्रत्येक फेरीला आईचा किंवा वडिलांचा एक दिवसाचा रोजगार जातो. म्हणून शहरातील विशेष बालवाडीच्या पटावर घराचा पत्ता हा रकाना असेल, तर त्यात शहराचीच नावे दाट आणि तालुक्याची विरळ दिसणे स्वाभाविक आहे. त्यावरून खानापूरच्या जंगलपट्ट्यात दिव्यांग मुले कमी, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

पटाचे रकाने

पूर्वप्राथमिक पटावरील दिव्यांगत्वाचे प्रकार आणि मोठ्या मुलांच्या शाळेतील प्रकार यांची तुलना सावधपणे करावी लागते. २०१६ च्या अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य आहे, पण त्यांतील सर्व प्रकार चौथ्या वर्षी ओळखता येत नाहीत. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठव्या वर्षापूर्वी दिले जात नाही, कारण वाचन-लेखन शिकल्याशिवाय त्यातील अडचण सिद्ध होत नाही. बौद्धिक दिव्यांगतेच्या बाबतीत २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते पाच वर्षांच्या मुलाचे निदान ‘सर्वांगीण विकास विलंब’ असे लिहिले जाते. ‘बौद्धिक दिव्यांगता’ हा शब्द पाच वर्षांनंतर येतो. त्यामुळे बालवाडीत एका रकान्यात असलेले मूल पहिलीत दुसऱ्या रकान्यात जाते, आणि वरवर पाहणाऱ्याला एका प्रकारची मुले अकस्मात घटली व दुसऱ्याची वाढली असे वाटते.

विलंबाच्या या तात्पुरत्या नावाचा लाभही आहे. काही मुले उपचारांनी सावरतात आणि त्यांच्यावर कायमचा शिक्का बसत नाही. अमेरिकेत तर ‘विकासात्मक विलंब’ एवढ्या आधारावर तीन ते नऊ वर्षांच्या मुलाला विशेष शिक्षण देण्याची मुभा राज्यांना आहे.

मुलगे व मुली यांच्या प्रमाणाविषयी दोन गोष्टी एकमेकांत मिसळतात. स्वमग्नतेचे निदान मुलग्यांत मुलींपेक्षा सुमारे चौपट होते; त्यामुळे पटावर मुलगे अधिक असणे काही अंशी अपेक्षित आहे. पण श्रवण, दृष्टी किंवा हालचालीच्या दिव्यांगतेत मुली ठळकपणे कमी दिसू लागल्या तर कारण वैद्यकीय नसून घरातले असण्याचा संभव अधिक. बेळगावची फेरी कोणासाठी परवडते, हा हिशेब तेथे लपलेला असतो.

गावपातळीवर असे तक्ते प्रसिद्ध करण्यास एक मर्यादाही आहे. ‘मुली : १, बहुविध दिव्यांगता’ असे एखाद्या वाडीच्या नावासमोर छापले, तर ती मुलगी कोण हे साऱ्या पंचक्रोशीला कळते. अनेक देशांत ठरावीक संख्येखालील आकडे म्हणूनच झाकले जातात. आपल्याकडे तालुका हा प्रसिद्धीसाठी योग्य घटक ठरावा. गावाचा तपशील काम करणाऱ्यांच्या वहीत राहिला पाहिजे.

मोजणी एकापेक्षा अधिक खात्यांत विभागलेली असणे हा आणखी एक दोष. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, तपासणी पथक आरोग्य खात्याचे, पहिलीचा वर्ग शिक्षण खात्याचा, विशेष शाळा दिव्यांग व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खात्याकडे. एकच मूल दोन याद्यांत असू शकते आणि एकाही यादीत नसू शकते. अधिनियमाच्या कलम १७ नुसार शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करून दिव्यांग मुले शोधावयाची आहेत. ‘शाळकरी’ या शब्दामुळे अंगणवाडीचे वय पुन्हा बाहेर राहते. कलम २५ मात्र सर्वच मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्यास सांगते.

घरभाषेचा प्रश्न

सीमाभागात या साऱ्याला भाषेचे अस्तर आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून खानापूर तालुका तत्कालीन म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात आहे. प्रशासनाची भाषा कन्नड, घराघरांतली मराठी. सीमावादाच्या राजकीय बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. दिव्यांग मुलाच्या संदर्भात तो वाद फार निराळे रूप घेतो. वाचा-उपचार हा भाषेचाच उपचार आहे. मूल ज्या शब्दांनी आईला हाक मारणार, ज्या शब्दांनी पाणी मागणार, त्याच शब्दांचा सराव व्हावा लागतो. उपचारकेंद्रात एक भाषा आणि चुलीपाशी दुसरी असेल, तर श्रवणयंत्र लावलेल्या मुलावर दुहेरी ओझे पडते, आणि घरी करावयाच्या सरावाच्या सूचना आईला नीट कळल्या नाहीत तर तो सराव थांबतो. बौद्धिक क्षमतेच्या चाचणीतही अपरिचित भाषेत विचारलेल्या प्रश्नाला मूल गप्प राहिले, तर ते मौन विलंब म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय देण्यास सांगतो. येथेही शब्द ‘प्राथमिक’ असाच आहे. पूर्वप्राथमिक वयाचे, मराठी घरातले, ऐकू न येणारे मूल कायद्याच्या दोन्ही उंबरठ्यांच्या अलीकडे उभे असते. म्हणून विशेष पूर्वप्राथमिक पटावर घरभाषेचा रकाना असणे या पट्ट्यात विशेष आवश्यक आहे. तो राजकीय दावा सिद्ध करण्यासाठी नको. मराठी जाणणारा वाचा-उपचारतज्ज्ञ खानापुरात किती दिवस बसावा, हे त्याशिवाय ठरविता येणार नाही.

घाटाच्या खाली

चोर्ला उतरून गोव्यात रोजगारासाठी येणाऱ्यांत खानापूर तालुक्यातील कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासोबत येणारे लहान मूल वरच्या अंगणवाडीच्या यादीतून निघते आणि खालच्या यादीत येतेच असे नाही. २०२१ पासून वापरात असलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ प्रणालीत स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत हलविण्याची सोय आहे, आणि दिव्यांगांचे वैशिष्ट्यपूर्ण ओळखपत्र देशभर ग्राह्य आहे. राज्याच्या अर्थसाहाय्य योजनांना मात्र निवासाची अट असते. त्यामुळे साखळीच्या वाटेवर किंवा म्हापशाच्या एखाद्या बांधकामावर राहणाऱ्या मुलाला तपासणी मिळू शकते, अर्थसाहाय्य मिळेलच असे नाही.

गोव्याची स्थिती अंतरांच्या दृष्टीने पुष्कळ सुसह्य आहे. पर्वरीचे संजय स्कूल, फोंडा तालुक्यातील ढवळी येथील लोकविश्वास प्रतिष्ठान अशा संस्थांमुळे विशेष शिक्षण येथे नवे नाही. २०२३-२४ पासून गोव्याने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील पायाभूत टप्पा राबविण्यास प्रारंभ केला, आणि तीन ते आठ हे वय प्रथमच एका सूत्रात आले. तरीही पटाचा प्रश्न येथेही तोच आहे. २०११ साली गोव्यात शून्य ते सहा वयाची १,४४,६११ मुले होती. राष्ट्रीय प्रमाण लावल्यास त्यांतील सुमारे १,८०० मुले दिव्यांग असावीत. राज्यातील बाराशेहून अधिक अंगणवाड्या, खासगी बालवाड्या आणि विशेष शाळांचे पूर्वप्राथमिक वर्ग यांच्या याद्या एकत्र मांडून त्या संख्येशी ताडून पाहणे, हे गोव्याच्या आकाराच्या राज्याला एका शैक्षणिक वर्षात शक्य आहे.

आज हाताशी असलेले हे सगळे प्रमाण २०११ चे आहे. त्या वेळी शून्य ते सहा वयोगटात मोजलेली मुले एकतर माध्यमिक शाळेच्या अखेरच्या वर्गांत आहेत किंवा सज्ञान झाली आहेत. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ असा अधिसूचित झाला आहे.